वहिनींची जास्वंद आणि दादाचं औषध

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. आम्ही दोघे भाऊ जेवतो, वेळेवर झोपतो आणि दिवसातून एकदाच भांडतो, यावरून इकडची खुशाली समजावी. लेकीला आता चालवतं का? बाळाचं नाक तुमच्यावर गेलं असेल तर ते भाग्यवान आहे. दादावर गेलं असेल तर अजून लहान आहे, बदलेल.

मुद्द्यावर येतो. लेकीच्या बाळंतपणाला जाताना तुम्ही जिन्यात थांबून म्हणालात, "भाऊजी, तुम्ही दोघे कसेही राहा, माझी जास्वंद राहिली पाहिजे." काडीपासून बारा वर्षं वाढवलेलं झाड. ते तुम्ही दादाच्या नव्हे, माझ्या हाती दिलंत. (दादाला ते लागलं. त्या दिवशी त्याने चहा एकट्यापुरताच केला.) तिसऱ्या आठवड्यात शेंड्यांवर पिठासारखं काही दिसलं. मी भिंग काढलं. तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस आहे, चूक बारीक असली तर मला जास्त आनंद होतो. पीठ चालत होतं. त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात हे पुढे कळलं. त्यांत दोन जाती दिसल्या: एक बारीक, एका जागी बसणारी, गरीब, दुसरी मोठी, पांढऱ्या झिपऱ्यांची, फांदीभर येरझाऱ्या घालणारी. मी ठरवलं, हे मोठे म्हणजे म्होरके. म्होरके गेले की बाकीचे पांगतील. (हा विचार मला कुठून सुचला ते सांगता येत नाही. झाडांबाबत माझं वाचन नाही, इतिहासाबाबत थोडं आहे.) रोज सकाळी चष्म्यावर भिंग धरून, रंगाच्या कुंचल्याने, एकेक म्होरक्या उचलून साबणाच्या पाण्यात सोडला. दहा दिवसांत एकही उरला नाही. आणि जास्वंद पांढरी झाली. कळ्या उमलण्याआधी गळू लागल्या, पानं मुरडली, मुंग्यांची रांग खोडावरून अशी चालू लागली की जणू त्यांनी झाड भाड्याने घेतलंय.

दादाने गच्चीत येऊन पाहिलं आणि बाजारातून औषधाची बाटली आणली. वाघालाही पुरेल असं जहर. येत्या रविवारी फवारणार, असं त्याने जाहीर केलं. मी घाबरून शेजारच्या सिस्टरांना बोलावलं. (चौतीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झाल्या, पण झाडाचंही आधी मनगट शोधतात.) त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली पाहिली, आतले बुडालेले म्होरके पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही चोर सोडलेत आणि पोलीस बुडवलेत!"

वहिनी, ते मोठे झिपरे ढेकूण नव्हतेच. ती एका भुंग्याची पिल्लं. ढेकूण खाऊन मोठी होतात आणि ओळखू येऊ नये म्हणून ढेकणांसारखीच दिसतात. एवढी हुशारी मी माझ्या कचेरीत कोणात पाहिली नाही. सिस्टरांनी आपल्या पेरूवरून तशी आठ पिल्लं गोळ्यांच्या डबीत आणून दिली. मुंग्या त्यांना हुसकावतात, म्हणून खोडाला व्हॅसलीनचा पट्टा लावून घेतला. मी नंतर तासनतास पाहत बसलो. एकही पिल्लू बोलत नाही, दमत नाही, ताटात टाकत नाही. असं जेवणारं माणूस आपल्या घरात कोणी नाही.

पण दादाचं जहर रविवारी येणारच होतं, आणि त्याला काही सांगणं म्हणजे मीच पोलीस बुडवले हे कबूल करणं. शनिवारी दुपारी तो झोपला असताना मी बाटलीतलं औषध बदललं. आत निव्वळ नळाचं पाणी. जहर सिस्टरांच्या कुलपात, वर लाल चिठ्ठी लावून. रविवारी दादा मैदानात उतरला. पावसाळी कोट, नाकाला रुमाल, डोळ्यांवर तुमच्या दिवंगत वडिलांचा वेल्डिंगचा चष्मा. देखणा दिसत होता. तीन रविवार त्याने पाणी फवारलं. आज जास्वंदीला नवी तांबूस पालवी आहे, सात कळ्या आहेत. दादा म्हणतो, "धाकट्या, औषधाचा गुण बघ." मी बघितला. तुम्ही आल्यावर त्याचं भरपूर कौतुक करा, माझं नको.

आपला नम्र,
धाकटा

ता. क. कौतुकासाठी एवढं लांब पत्र कोणी लिहीत नाही. दादाने यशाच्या भरात दुसरी बाटली आणली आहे, आणि साऱ्या इमारतीसमोर सिस्टरांना वचन दिलं आहे की येत्या रविवारी त्यांचा पेरूही फवारून देईन. त्या पेरूवर बाकीचे सगळे पोलीस आहेत, आणि सिस्टर नको म्हणाल्या तर माझं बिंग फुटेल. नवी बाटली तो उशाशी ठेवून झोपतो. तुमच्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही. पत्र मिळताच फोन करा, काहीही कारण सांगा.

ता. क. २. पाकीट टाकायला दादाकडेच देतो आहे. तो दुसऱ्याचं पत्र वाचत नाही, हा त्याचा मोठा गुण.

(पुढचं वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने)

वाचतो. नवी बाटली आणल्यावर पाहिलं, तिच्यावर ठळक छापलंय की औषध पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होतं. माझं तीन रविवारांत एकदाही झालं नाही. तीस वर्षं लोकांचं छापलेलं वाचलं याने, आणि तेवढं वाचलं नाही. मी सिस्टरांकडे गेलो, त्यांनी भिंग देऊन सगळं दाखवलं. नवी बाटली कालच दुकानात परत केली. उशाशी आहे ते बाटलीचं खोकं रिकामं आहे. फोन करू नकोस, पेरूचं मी बघतो. मला फसवणं त्याला जन्मात पहिल्यांदा जमलंय, आठवडाभर शीळ घालत हिंडतोय. तेव्हा आल्यावर त्याच्या देखत औषधाचंच कौतुक कर.