गालावरचा पोचा

मँचेस्टर, मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल लिहिलं ते चूक. रोमन घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाला जोडलेल्या मुखवट्याच्या गालावरचा पोचा जमिनीत दबून आलेला नाही. आज गंज काढल्यावर दिसलं, कोरलेली वेल त्याला वळसा घालून गेलीय. म्हणजे घडवणाऱ्यानेच तो राहू दिला.

आणि मी प्रतिकृतीच्या चित्रात गाल गुळगुळीत काढला. घरचीच शिकवण. गौरीच्या मुखवट्याचा पोचा आई दरवर्षी माझ्याकडून गजऱ्याखाली झाकून घ्यायची.

प्रतिकृती घडवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या पीटरने माझ्या चित्रावरून तसाच गाल ठोकून घडवलाही. "आता दिसतो की नाही हँडसम?" म्हणाला, आणि मी हसले. का हसले? त्या पोच्याशिवाय तो चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी.

शुक्रवारी पीटर वेल कोरायला घेणार. गुरुवारी त्याला सांगेन. नको, तोवर धीर सुटेल. उद्या, बुधवारीच.