घरच्यांच्या टेबलावर मार्लीन

मी, बर्निस टॉर्गरसन, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार लार्च क्रीक, सस्कॅचेवान, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. माझे पती कै. ऑर्व्हिल यांचा ट्रॅक्टर व शेतीची अवजारे मुलगा डेल यास द्यावीत. बँकेतील ठेव मुलगी लॉर्ना हिला. चांदीचे चमचेही तिलाच. तिचा त्यांच्यावर लहानपणापासून डोळा आहे.

२. राहते घर, परसातल्या सफरचंदाच्या झाडासकट, मार्लीनला द्यावे. मार्लीन ही डेलची पहिली बायको. डेल तिला सोडून कॅल्गरीला गेला, ती माझ्यापाशी राहिली. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही. माझ्यामागे तिला कोणी घराबाहेर काढू नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

ऑर्व्हिल यांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. आमच्याकडे रीत अशी, की घरच्यांनी पुढच्या टेबलावर बसायचे, सुरीला हात लावायचा नाही. रांधणे-वाढणे गावाने करायचे. ओटच्या चुऱ्यात शिजवलेला खजूर भरून भाजलेल्या वड्या हव्यातच. त्यांना म्हणायचे लग्नाचा केक, पण मयतालाही आम्ही त्याच खातो. लॉर्ना मार्लीनला दारातच म्हणाली, "तू आत जा गं, वड्या काप. पुढे घरचेच बसतात."

थोड्या वेळाने मार्लीन ॲप्रन बांधून, तबक घेऊन माझ्यापुढे आली.

"आई, एक तरी खा. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"ठेव ते तबक. बस इथे."

"राहू द्या, आई. आत खूप काम पडलंय."

तिचे डोळे लाल होते, आणि कांदा तर त्या दिवशी कोणी चिरला नव्हता. मी त्या वडीला हात लावला नाही.

३. म्हणून माझ्या मयताच्या जेवणाला रीत मोडून वड्या लॉर्नाने कराव्यात. लोणी गार हवे, चुरा बोटांनी चोळावा, खजुरात साखर न घालता लिंबू पिळावे. पहिल्या खेपेला त्या फुटतील, लॉर्ना, माझ्याही फुटत. चमच्याने वाढ. मार्लीनने पुढच्या टेबलावर लॉर्ना व डेल यांच्या मधोमध बसावे. तिच्या हाती कोणी तबक दिल्यास पाद्रीबुवांनी ते काढून घ्यावे.

४. दफनभूमीत माझ्या शेजारची जागा डेलसाठी घेतलेली होती. ती मार्लीनला द्यावी. जबरदस्ती नाही. तिने पुन्हा लग्न केले तर मला आनंदच आहे. मग तिने नवऱ्याशेजारी विसावावे. पण ती माझ्यापाशी आलीच, तर दगडावर नाते काय लिहायचे यावर कोणी खल करू नये. "मुलगी" असे कोरावे.

चष्मा लावून, सगळे पुन्हा वाचून सही केली.

बर्निस टॉर्गरसन

सही आमच्यासमोर झाली. यातले आम्हाला काहीही मिळायचे नाही.
साक्षीदार: ग्लॅडिस फ्रीसन, शेजारीण
साक्षीदार: वॉल्टर पेट्रिक, निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: लार्च क्रीक
दिनांक: ३ ऑक्टोबर १९८८