माणूस, टिंब, बाही

बाबा, तुमची मापांची वही मी लॅपटॉपात उतरवली. सगळी पानं, पाव इंचही इकडेतिकडे न करता. क्लास नाही, शिक्षक नाही. कट्टा गावातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात दुपारी व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकलो. वहीत एका माणसाला एक पान, तसं तिथे एका माणसाला एक ऑब्जेक्ट. त्यात छाती, कंबर, बाही. माणूस.बाही असं टिंब देऊन लिहिलं की साडेतेवीस हजर. नावं मराठीत चालतात, हे मी स्वतः शोधलं. तुमच्या सुनेची अट एकच: पहिलंच माप अडलं तर वही परत टेबलावर.

आज वालावलचा एकजण मुंबईतल्या भावाच्या शर्टाचं कापड घेऊन आला. "कापड पुरतला काय ता बघूक व्हया. बाही सांगा बेगीन, तेंची एसटी सुटतली," तुमची सून टेप धरून उभी. मी त्या भावाचं पान उघडून पडद्यावरच्या यादीतून 'बाही' निवडलं. उत्तर आलं, अनडिफाइन्ड. म्हणजे असं काही नोंदलेलंच नाही. तो वाकून बघतो आणि म्हणतो, "मास्तर, भावाक हात आसत. मी बघललंय." ती वही काढायला वळली.

यादीतून निवडलेला शब्द मी 'हवे' नावाच्या खणात ठेवतो, आणि लिहिलं होतं माणूस.हवे. टिंबापुढे जे लिहाल तेच नाव ते धरून बसतं. त्याने 'हवे' नावाचं माप शोधलं. ते कुठून असणार? विशीत मी गिऱ्हाइकाची चिठी न उघडता वहीवरून शर्ट कापला होता, पूर्ण बाहीचा. चिठीत अर्धी बाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "चिठीत काय लिवलला आसा ता आधी वाच रे. मगे वही उघड." चौकोनी कंसाचं काम नेमकं तेच. माणूस[हवे] लिहिलं की आधी 'हवे' उघडून त्यातलं 'बाही' वाचलं जातं, मग माप. टिंब खोडलं, कंस घातले, साडेतेवीस आलं. कापड पुरलं, एसटीही मिळाली. सून म्हणाली, "वही ठेवा कपाटात." तिच्याकडून एवढं खूप झालं.

मग चहा घेताना सहज तुमचं नाव घालून पान मागितलं. अनडिफाइन्ड. यावेळी कंस बरोबर होते. तुमचं माप कधी कोणी घेतलंच नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहितो: तुमचा शेवटचा शर्ट मी अंदाजाने कापला. "बरो आसा," म्हणत तुम्ही घातलात. खांद्याला तो इंचभर मोठा होता. मला तेव्हाच दिसलं होतं.