टाकी भरलेली आहे

४ नोव्हेंबर, सोमवार

टेकडीच्या चढावर गाडीच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला. उतारावर आपोआप खाली आला. गाडी काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

घरी येऊन बॉनेट उघडलं, पण इंजिन गार होईपर्यंत हात लावला नाही. बाबांचा नियम. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आमच्याकडे लहान मुलांना गोष्टींऐवजी नियम सांगत. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. उघडलंस तर आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर! आता बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि गाडीला हात लावायची त्यांना बंदी आहे. नियम सांगायची बंदी अजून कुणी घातलेली नाही.

कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर दोन रेघा असतात. पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती. रेडिएटरच्या वरच्या नळीचं तोंड ओलसर. म्हणजे गळतंय.

हे खरं तर वहिनीला सांगायला हवं. गाडी दोघींची आहे — सम तारखेला माझी, विषमला तिची. तह बाबांनी केला. पण आमचा अबोला आहे.

५ नोव्हेंबर

अबोल्याचं कारण लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच वाटायचं की माझंच चुकलं.

दादाची बदली झाली. तो तिकडे गेलाही. वहिनी महिनाअखेरीला जाणार, गाडीसकट. हे मला कुणी सांगितलं? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने! "तुमच्या वहिनींनी रिकामी खोकी मागितली होती, काढून ठेवलीत म्हणावं." घरातली बातमी मला साबणाच्या वडीबरोबर मिळाली. त्या दिवसापासून मी बोलत नाही. मी बोलत नाही म्हणून तीही बोलत नाही. जाते तर जाऊ दे. घर तेवढंच मोकळं होईल.

आज तिची तारीख. चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना तिला तोच चढ लागतो. पहाटे खाली गेले, इंजिन गार, टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. कूलंट काल पंपाशेजारच्या दुकानातून आणलं, हिरवं. दुकानदार म्हणाला, सगळ्या गाड्यांना चालतं. गाडीचं पुस्तक बघणार होते, पण ते कप्प्यात नाही. वहिनीने खोक्यात भरलं असणार.

हे तिच्यासाठी केलं असं कुणी समजू नये. गाडीसाठी केलं.

६ नोव्हेंबर

माझी तारीख. टाकी वरच्या रेघेवर. काल ती दिवसभर गाडी हिंडवून आली तरी थेंब कमी नाही. गंमत आहे.

७ नोव्हेंबर

पहाटे बघितलं तर पातळी पुन्हा खाली! म्हणजे गाडी फक्त माझ्याच तारखेला गळते. गाडीसुद्धा पक्षपाती. भरली.

बाबांनी जेवताना विचारलं, "पातळी खाली गेली का गं?"

"नाही हो. टाकी भरलेली आहे," म्हटलं. उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला? काळजीत पडायचे आणि चाचपडत खाली जायचे. बाबा "हं" म्हणाले. जरा हिरमुसल्यासारखे वाटले. वयामुळे असेल.

९ नोव्हेंबर

भरली.

११ नोव्हेंबर, सोमवार

जनावरांच्या दवाखान्यात माझं काम काउंटरवर बसून नोंदी करायचं. आज एक कुत्रा आला, कुणाच्या तरी गाडीखालचं कूलंट चाटलेला. ते चवीला गोड असतं आणि विष असतं. डॉक्टरांनी शर्थ केली. वाचेल बहुतेक. मालकीणबाई खुर्चीत न बसता अख्खी दुपार उभ्या होत्या.

मला एकदम आपल्या जिन्याखालची मांजर आठवली. घरी आल्यावर वाळूची पिशवी घेऊन गाडीपाशी गेले, तर ओल्या डागावर आधीच कुणीतरी वाळू टाकलेली! नीट, पसरून. वहिनीला नीटनेटकेपणाचा भारी सोस. डाग दिसला, झाकला, पण बॉनेट उघडून बघायचं काही सुचलं नाही. ते मी बघायचं.

१३ नोव्हेंबर

भरली. आज नेहमीपेक्षा जास्त लागलं. गळती वाढली आहे. गॅरेजला न्यायला हवी, पण न्यायची तर तिच्याशी बोलून न्यायला हवी. ती विचारील तेव्हा बोलेन.

स्क्रूड्रायव्हर शोधला, मधला, लाल मुठीचा. ड्रॉवरमध्ये नाही. तोही खोक्यात गेला म्हणायचा. उद्या दाराच्या कड्या काढून नेल्या तरी मी काही म्हणणार नाही.

१५ नोव्हेंबर

टाकीतला रंग गढूळ दिसतो. हिरवा तर नाहीच. टाकीचं प्लास्टिक जुनं, पिवळं पडलेलं, त्यामुळे असेल.

बाबा पुन्हा, "पातळी?" मी पुन्हा, "भरलेली." मी ताट ठेवायला आत गेले तर त्यांनी तेच वहिनीला विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. तिला कुठलं माहीत असायला!

१८ नोव्हेंबर

काटा आज सपाट रस्त्यावरही वर. हीटर लावला की खाली येतो. टाकी भरलेली, तरी असं का? घाम पुसत घरी आले. उद्या विषम तारीख, बाबांची डोळ्यांच्या इस्पितळाची वेळ, आणि इस्पितळ टेकडीच्या माथ्यावर. डॉक्टरांनी घरातल्या दोघींनाही बोलावलंय, डोळ्यांत थेंब घालायचं शिकवायला. म्हणजे वहिनी चालवणार, मी मागे बसणार, बाबा पुढे.

सांगू का तिला? काय म्हणून सांगू?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नाही सांगितलं. पहाटे भरली आणि गप्प बसले.

जाताना बाबांनी दुभाष्याचं काम केलं. "तिला म्हणावं काच खाली कर," मी म्हणे. बाबा सांगत. "तिला म्हणावं करते," वहिनी म्हणे. बाबा ते मागे सांगत. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. शेवटच्या वळणाआधी काटा लाल पट्ट्यात गेला. मी मागून बघितला. तोंड उघडणार तोवर वहिनीने एसी बंद केला, हीटर पूर्ण लावला, गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद. काही गडबड नाही. बाबांना उतरवून लांब दगडावर बसवलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

आणि मी? नियम ऐकत वाढलेली मी? माझं डोकंच चालेना. पाण्याची बाटली घेऊन धावले, बॉनेट वर केलं आणि सरळ झाकणाला हात घातला. घालणार होते. वहिनीने मनगट धरलं. असं धरलं की अजून वळ आहे.

"हात लावू नकोस. भाजशील."

महिनाभरातलं तिचं पहिलं वाक्य.

आम्ही दोघी गाडीपासून दूर, बाबांच्या दगडाजवळ जाऊन बसलो. गार व्हायला तासभर तरी लागणार होता. बाबा एरवी कुणाचीही गाडी बंद पडली की भाषण देतात, आज अवाक्षर नाही. नुसते काठीने माती उकरत होते.

मग वहिनीच बोलली. खोकी तिने नुसती विचारून ठेवली होती, जायला अजून हो म्हटलं नव्हतं. मला सांगायला ती दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली होती, पण काय सांगायचं तेच तिचं ठरेना. मग मी बोलणंच टाकलं. तेव्हा तिला वाटलं, हिला मी जायलाच हवी आहे. म्हणून दादाला हो म्हणून टाकलं. तिकडेही दादा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असणार.

"तिथे मी एकटी काय करू? अबोला धरायला तरी कोण आहे तिथे?"

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. लाज वाटली. मी जाऊ नकोस म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "गॅरेजवाले काका टो करायची गाडी पाठवतायत." बाईमाणसाने किती मूर्ख असावं!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गॅरेजात दोघी गेलो. एकत्र. गॅरेजवाले काका रेडिएटर उघडून बसले होते. बोटावर चॉकलेटी लगदा घेऊन आम्हाला दाखवला.

"यात दोन जातीची कूलंट आहेत. एकमेकांत गेली की हे असं गोठतं आणि रेडिएटर तुंबतो. टाकी कोण भरायचं?"

"मी," मी म्हटलं. "मी," वहिनी म्हणाली. एकदमच.

वहिनीने लाल भरलं होतं. गाडीच्या पुस्तकात लाल लिहिलंय. पुस्तक खोक्यात नव्हतंच, तिच्या उशाशी होतं. गाडी तापली तर काय करायचं तेही तिने त्यातच वाचलेलं. म्हणजे चुकीचं कूलंट माझं. असो.

"कधी भरायचात?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं विषम तारखेला, पहाटे. वहिनी म्हणाली सम तारखेला, पहाटे.

काकांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. आम्हाला कळलं. मी तिच्या तारखेला भरत होते आणि ती माझ्या. मी बराच वेळ एका टायरकडे बघत राहिले. ती दुसऱ्या टायरकडे.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?" काकांनी विचारलं.

काका आणखी एक म्हणाले: वरच्या नळीचा क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी, फार सैल होता. आपोआप इतका होत नाही, कुणीतरी फिरवलाय. मागच्या गॅरेजवाल्याचं काम असेल म्हणाले. मागचं गॅरेज त्यांचंच. ते माझ्या लक्षात आलं, त्यांच्या नाही.

२५ नोव्हेंबर

गाडी आली. आतून धुतलेली, लाल कूलंट, क्लॅम्प नवा. उरलेलं हिरवं काकांनी ठेवून घेतलं, गटारात ओतायचं नाही म्हणाले. वहिनी १ तारखेला, रविवारी निघणार. मी तिला खोकी बांधायला मदत केली. आता आम्ही भरपूर बोलतो, दोरी दे, चिकटपट्टी कुठे आहे, वगैरे. जे बोलायचं ते नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचं अंथरूण झटकायला गेले. उशीखाली लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर.

मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला आणि ओळखला.

"क्लॅम्प अर्धाच फेरा सैल केला होता," ते म्हणाले. "थेंब थेंब गळेल, पातळी खाली जाईल, कुणीतरी बघेल, गाडी गॅरेजात जाईल. तेवढंच तिचं जाणं लांबलं असतं. तोवर तुम्ही दोघी बोलला असता."

"मग?"

"मग काय! रोज विचारतो तर तू म्हणतेस भरलेली आहे, ती म्हणते भरलेली आहे. मला वाटलं माझाच हात गेला. म्हणून आणखी अर्धा फेरा सोडला."

वाळूही त्यांचीच. मांजर चाटील म्हणून. ओला डाग ते काठीच्या टोकाने शोधत.

मी रागावले, चांगली रागावले. म्हटलं, बाबा, चढावर तुम्ही स्वतः त्या गाडीत होता! कुणाला काही झालं असतं तर? त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं गाडी अंगणातच थांबेल," म्हणाले. बस चालवणाऱ्या माणसाला हे सांगताना किती जड गेलं ते मला दिसलं.

पुन्हा कधीही नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डब्यामागे ठेवला. वहिनीला सगळं सांगितलं. ती खूप हसली आणि मग बाबांच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसली.

२९ नोव्हेंबर

दादाचा फोन. रविवारी सकाळी लवकर निघायला सांग, म्हणाला. सांगितलं. ती बरं म्हणाली.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी गाडीखाली ओला डाग. त्यावर ताजी वाळू.

बाबांकडे गेले. मी नाही, तुझी शपथ, म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. डब्यामागे हात घातला. स्क्रूड्रायव्हर नाही.

वहिनी बेसिनपाशी साबणाने हात धूत होती. हाताला काळं. मागे न बघता म्हणाली, "उद्या एवढ्या लांब नको वाटतं. गाडी गळतेय."

खाली जाऊन बघितलं आणि दादाला मीच फोन लावला. म्हटलं, अरे, गाडी अजिबात न्यायची नाही, टाकी पार रिकामी आहे.

टाकी भरलेली आहे.