कुणी न उचललेली वर्दी

आई, मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू आधी लिहितो. तुझ्या शेगडीसमोरचा सागवानी पाट, जो आजही डगमगत नाही. घरचा स्टॅबिलायझर, तांब्याच्या तारेचे वेढे एकेक मोजून भरलेला. जुन्या भागांतून जुळवलेला पहिला कॉम्प्युटर, ज्याला तू जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं होतंस. आणि उद्यमबागेतल्या लोखंड ओतणाऱ्या नऊ फौंड्र्यांत आज चालतो तो प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कॉलेजची पायरी चढलो नाही, यातलं मला कुणी शिकवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. प्रोग्रामच्या बाबतीत ते खरं नाही.

अनगोळच्या दोन खोल्यांत तुझी खानावळ. बाराचा भोंगा झाला की कारखान्यातली माणसं यायची, सोळा सोळाच्या दोन पंगती. तू कुणाला काम सांगायची नाहीस. तव्यावरची नजर न काढता, काय झालंय तेवढं मोठ्यानं म्हणायचीस. "पीठ सपलं." तुझी थोरली, आक्का, डबा घेऊन गिरणीकडे निघायची. "पंगत उठली." भांड्याच्या मावशी ताटं गोळा करायच्या, आणि त्याच दोन शब्दांवर मी फडकं मारून तांबे भरायचो. मावशींना माझं काम ठाऊक असायची गरज नव्हती, मला मावशींचं. एकदा मी शहाणपणा करून आक्काला म्हणालो, ऊठ, पीठ घेऊन ये. तू उलथनं तव्यावर आपटलंस. "तिला हुकूम सोडू नगंस. काय झालंय तेवढं सांग. ज्येचं काम हाय त्येला कळतंय." आक्का लगेच छताकडं बघत म्हणाली, "साहेब गप बसलं." मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला तुम्हा तिघींचा राग आला होता. पुढं मावशी पंधरा दिवस गावी गेल्या, तेव्हा बदली बाईला तू एवढंच सांगितलंस की 'पंगत उठली' ऐकलं की ताटं उचलायची. बाकी काही बदललं नाही. एकही जेवण उशिरा झालं नाही.

माझा प्रोग्राम असाच आहे. मधला गाभा लहान, स्वतः काही करत नाही. भट्टीचा एक जोड, वाळू तपासणाऱ्या लॅबचा एक, माल पाठवणाऱ्यांचा एक. त्यांना प्लग-इन म्हणतात. नवं यंत्र आलं की नवा जोड लिहून बसवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. जोड एकमेकांना ओळखत नाहीत. भट्टीचा जोड 'मेटल तयार झालं' एवढंच म्हणतो. त्याला इव्हेंट म्हणतात, मी वर्दी म्हणतो. ज्यांनी ती वर्दी ऐकायची म्हणून नाव घातलंय, ते आपापल्या कामाला लागतात. शिकलेली मुलं हे चित्रं काढून समजावतात. मला चित्र लागलं नाही. या रचनेत एक भोक आहे, तेही मला कुणी दाखवून द्यायची गरज पडली नाही. वर्दी देणाऱ्याला कळत नाही की ती कुणी ऐकली का.

आक्का लग्न होऊन बोरगावला गेली आणि घरातल्या निम्म्या शब्दांना ऐकणारं उरलं नाही. 'पीठ सपलं' म्हणून तू थोडी थांबायचीस, मग स्वतःच डबा घेऊन उठायचीस. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्या दिवशी पहिली पंगत उठली होती, दुसरी बसायची होती. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटर उघडून मेमरीची पट्टी बसवतोय. तू म्हणतेस, "हात जड झालाय." पीठ संपल्याचं सांगतेस त्याच आवाजात. मला स्पष्ट ऐकू आलं. बारा चाळीस झाले होते. हे शब्द कुणाचे, ते कधी ठरलेलं नव्हतं. मावशी आहेत की, असं मनात आलं आणि मी पट्टी दाबून बसवली. मावशी नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, तू हाईस की आत." दुसऱ्या पंगतीला तू डाव्या हातानं वाढलंस. कुणीतरी थट्टाही केली, काकू, आज डाव्या हाताची चव व्हय? चार वाजता तुझं बोलणं थांबलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, चारपासून. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मी रडलो नाही. तेराव्याची सामानाची यादी मीच केली, त्यात एकही वस्तू राहिली नव्हती.

खूप वर्षांनी एका फौंड्रीत लॅबचा जोड दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. वाळू कालवणाऱ्या यंत्राकडून साच्याच्या वाळूत ओल जास्त असल्याची वर्दी आली आणि तशीच विरून गेली. अकरा कास्टिंग भंगारात गेली, माणूस कुणी भाजला नाही. मालक म्हणाला, प्रोग्राम बरोबर हाय, ऐकायलाच कोण न्हवतं. मी घरी येऊन आणखी एक जोड लिहिला, दोनशे चौदा ओळींचा. कुणीच न उचललेली वर्दी तो वीस सेकंद धरून ठेवतो, मग घंटा वाजवतो. कुणीतरी येऊन स्वतःचं नाव घालून ती घेईपर्यंत घंटा थांबत नाही. कामगार त्याला शिव्या देतात. मी तो बंद करायचं बटण ठेवलेलं नाही.

या महिन्यात बेंगळूरच्या एका कंपनीतून एक बाई आल्या होत्या. प्रोग्राम सगळा वाचून आल्या होत्या, हे मला आवडलं. काम नीट आहे म्हणाल्या, आणि ते नीट आहेच. त्यांना तो पूर्ण विकत हवा होता, फक्त घंटेचा जोड काढून. मोठ्या गिऱ्हाइकांना सतत वाजणारं काही चालत नाही, न घेतलेल्या वर्द्या गुपचूप एका फायलीत पडू देत, असं त्यांनी कन्नडमधून समजावलं. मी आगोदिल्ला म्हणालो. होणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी त्यांना चहा दिला आणि बसपर्यंत सोडून आलो.

हे लिहूनही मला फारसं काही वाटत नाही. हा कागद आक्काला दाखवणार नाही, तिला अजून चार वाजताचंच माहीत आहे. बायकोनं विचारलं, किती देत होते? मी म्हणालो, काही फार नव्हते. आई, बासष्ट लाख देत होते.