गाडी पासिंगला, बाबा घरी

बाबा, तुमची टॅक्सी पासिंगमध्ये नापास झाली होती, त्या दिवसापाशी मी परवापासून अडकून बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आपली झग्यातलीच, नाक पुसत अंगणात उभी असलेली.

वर्षभर तुम्ही घरचे नव्हताच मुळी. पहाटे बर्डीच्या टॅक्सी स्टँडवर गेलात की कधी रामटेकचं भाडं, कधी खाप्याचं, कधी पार वर्ध्याचं. परत यायचात तेव्हा मी झोपलेली असे. आई म्हणायची, "तुह्या बाप म्हणजे आपल्या घरचा पाव्हणा हाय." पण वर्षातून एकदा त्या जुन्या अँबेसेडरची सरकारी तपासणी यायची. तिच्या आधीचे चार दिवस गाडी अंगणात उभी, म्हणून तुम्हीही अंगणात! थंडीतलं कोवळं ऊन, रॉकेलचा वास आणि गाडीखालून बाहेर आलेले तुमचे दोन पाय. मी त्या पायांशीच गप्पा मारत बसे. अंगठा हलला की समजायचं, बाबा ऐकून राहिलेत. तुम्ही मडगार्डचा गंज घासताय, आई सीटची उसवलेली शिवण घालतेय आणि मध्येच तुम्ही ओरडताय, "चहा ठेव वं!" दुपारी गरम गोळाभात, वरून तेलाची फोडणी, आणि तुम्ही आमच्याबरोबर पंगतीला. दिवाळी म्हणा नाही तर काही म्हणा, माझा सण तोच होता.

टायरांची तर मजाच. स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांत मिळून चांगले टायर एकच जोड. ज्याची पासिंग, त्याच्या गाडीला ते चढायचे आणि तपासणी झाली की संध्याकाळपर्यंत पुढच्याच्या दारात. तपासणाऱ्या साहेबाला दरवर्षी तेच टायर वेगवेगळ्या गाड्यांवर दिसत असतील. बिचारा काही बोलायचा नाही.

त्या वर्षी शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला सोबत नेलं. गाडी नवरीसारखी चकाकत होती, आईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि मी मागच्या सीटवर तोंड फुगवून बसले होते.

"काहून वं, पोट दुखून राह्यलं का?" तुम्ही आरशातून विचारलंत.

"गाडी नापास झाली तं बरं होईन."

"बाप्पा! मंग खाशीन काय?"

"मले नाही माहीत. तुम्ही उद्यापासून पुन्हा जाता ना."

तुम्ही हसाल असं वाटलं होतं. हसला नाहीत. आरशातली नजर रस्त्यावर गेली ती आरटीओ ऑफिसच्या गेटापर्यंत तिथेच राहिली.

गेटाबाहेर गाड्यांची रांग होती, धूळ होती. तुम्ही उतरलात, जवळच्या नळावरून बादली भरून आणलीत आणि चारही चाकांवर मनसोक्त पाणी मारलंत. एकदा नाही, दोनदा. मग लगेच आपला नंबर आला. मी कडुनिंबाखाली उभी राहून पाहत होते. साहेबाने गाडी जरा जोरात न्यायला लावली, ब्रेक मारायला सांगितला आणि आपली गुणी गाडी थांबायचं सोडून एका बाजूला तिरपी सरकत गेली. साहेब म्हणाला, ब्रेक धड नाहीत, पुढच्या आठवड्यात आणा. तुम्ही हुज्जत घातली नाहीत. स्टँडवर पोलिसाची शिटी वाजली तरी भांडणारे तुम्ही, "बरं साहेब" म्हणालात आणि परत आलात.

आईने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. साहजिक होतं, गाडी उभी म्हणजे चूल थंड. आठवडाभर आम्ही भाकर अन् मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि तुम्ही? तुम्ही मला फुटाळ्याच्या तलावावर घेऊन गेलात, माझ्या दोन वेण्या घातल्यात, एक वर आणि एक खाली. मी कोणत्या वर्गात आहे ते तुम्हाला त्या आठवड्यात कळलं. आई करवादली, "गाडी दारात सडून राह्यली अन् हे पोरीच्या वेण्या घालून राह्यले!" मला मात्र वाटत होतं, हा आठवडा संपूच नये. पुढच्या खेपेला गाडी पास झाली आणि तुम्ही पुन्हा पाव्हणे झालात. मग थोड्याच वर्षांत कायमचे गेलात. बाबा, मला तुम्ही पुरलाच नाहीत हो.

परवा एका लग्नात तुमच्या स्टँडवरचे काका भेटले, आता काठी घेऊन चालतात. बोलता बोलता मी त्या नापास गाडीची गोष्ट काढली, चाकांवरच्या पाण्यासकट. काका जेवता जेवता थांबलेच. म्हणाले, "तुह्या बाप अन् गेटापाशी चाकं धुईन? काहीतरीच! अवं, चाकाच्या ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक धरत नाही, हे आमाले त्यानंच शिकवलं. पासिंगच्या दिवशी आमच्या हातातली बादली हिसकून घे तो."



मग तुम्ही का ओतलंत पाणी, बाबा? तो आठवडा तुम्ही मला दिलात, की तो तसाच घडला? तुम्हालाही घरी राहायचं होतं का? त्या लग्नात काकांना आणखी खोदून विचारता आलं असतं. मी विषय बदलला. हे पत्रसुद्धा मी कोणाला दाखवणार नाही, आईच्या फोटोपुढे वाचणारही नाही. "नाही वं पोरी, ध्यानातच नाही राह्यलं," असं तुम्ही म्हणाला असतात तर मला ते सोसलं नसतं. उत्तर येणार नाही, एवढ्या भरवशावरच विचारलंय.