तीनदा ऐकायचं, मग हलायचं

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज सकाळी मी तुमच्यावर पुन्हा चिडले. निमित्त माझी लेक. मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून मोबाईलवर इंग्रजी शिकत होती. मोबाईल एक वाक्य बोलतो, खाली त्याचे शब्द विस्कटून दिलेले असतात, ऐकून ते ओळीनं लावायचे. ही बया एकदाच ऐकते, घाईघाईनं बोट मारते, चुकते, पुन्हा मारते. "अगं, आधी तीनदा ऐक ना नीट," मी खेकसले, आणि हे तर आपल्या सरांचं वाक्य, असं लक्षात आल्यावर आणखीच वैताग आला.

तुमची इंग्रजी शिकवायची पद्धतच डोकं उठवणारी होती. एकेका पोराला एकेक शब्द वाटून द्यायचा, वहीत काही लिहायचं नाही. तुम्ही वाक्य तीनदा म्हणणार, तिसऱ्यांदा ऐकून होईस्तोवर कोणी जागचं हलायचं नाही, आणि मग आपापला शब्द घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात ओळीनं उभं राहायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग वावरात, त्यामुळे वाक्याला पोरं पुरायची नाहीत. मग एकाच पोराकडे दोन शब्द, आणि ते बिचारं इकडून तिकडं उड्या मारतंय. क्रियापद माझ्या वाट्याला आलं की मी घरच्या बोलण्याच्या सवयीनं शेवटी जाऊन उभी. "काहून मागं पळून राह्यली? कानानं ऐकलं ना? मंग ये पुढं," तुम्ही म्हणायचात. एकदा मी दुसऱ्यांदा ऐकूनच हलले, तर तुम्ही मला तास संपेपर्यंत बाहेर उन्हात बसवलं. एवढा कसला हट्ट होता, देव जाणे.

तेव्हा कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. केळापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पोरींनी शिकून बाहेर पडावं. नर्सिंगला लागलीस तर सुटशील, असं आईनं मला बजावूनच ठेवलं होतं. यवतमाळला मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. तुम्ही सोबत आलात आणि पांढरकवड्यापासून एसटीत वाक्यं म्हणत राहिलात, इतकी की शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाखत मात्र पार वाया गेली. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय झालं, पोरी?" मी सरळ म्हटलं, "त्यायनं एकदाच इचारलं, सर. तिसऱ्यांदा म्हणतीन म्हणून मी थांबली. तुमच्यापायी गेलं माहं."

तुम्ही ते खरं मानलंत. सोमवारपासून फळ्यावर वाक्यं लिहून द्यायला लागलात, पोरं ती पाठ करायची. वऱ्हांड्यातली ओळ बंद झाली. पुढच्या वर्षी मी नर्सिंगला लागले, पण माझ्या धाकट्या भावाला दहावी होईपर्यंत इंग्रजीतलं एकही वाक्य ऐकून कळलं नाही. सर, तुम्ही हेडमास्तरांचं ऐकत नव्हता, तपासणीला आलेल्या साहेबांचं ऐकत नव्हता, मग माझंच तेवढं ऐकायची काय गरज होती? उलटून एक प्रश्न तरी विचारायचा होता. मी दोन मिनिटांत रडून सगळं सांगितलं असतं. याचाच मला अजून राग येतो, तुमचा आणि माझा दोघांचाही.

तुमच्या सूनबाई अजून केळापुरातच राहतात. हे पत्र त्यांना नेऊन द्यावं म्हणून लिहायला बसले होते, पण देणार नाही, त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. नर्स का व्हायचंय, एवढंच त्या मुलाखतवाल्या बाईंनी विचारलं होतं. त्यांनी ते तीनदा विचारलं होतं, सर. मला उत्तर येत होतं, फक्त भीतीनं तोंड उघडलं नाही.